रक्ताच्या कर्करोगातील गुणसूत्रांची तपासणी : नमुना देण्यापूर्वी आणि रिपोर्ट हाती आल्यावर

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले किंवा तशी दाट शंका आली की डॉक्टर चिठ्ठीवर ‘सायटोजेनेटिक्स’ आणि ‘फिश’ असे दोन शब्द लिहून देतात. कोल्हापुरातील अनेक रुग्णांचा नमुना त्यानंतर पुण्याला किंवा मुंबईला रवाना होतो. तपासणीला पैसे बरेच पडतात, उत्तर यायला दिवस लागतात, आणि उत्तर आल्यावर त्यातील आकडे व अक्षरे घरातील कोणालाच उलगडत नाहीत. हे मार्गदर्शन अशा रुग्णांसाठी, त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्या नातेवाइकांसाठी, आणि तालुक्याच्या गावी नमुना गोळा करून पुढे पाठवणाऱ्या लॅबमधील तंत्रज्ञांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ‘फिश’ ही तपासणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. गुणसूत्राच्या ज्या जागेकडे पाहायला सांगितले नाही, त्या जागेविषयी ‘फिश’चा रिपोर्ट एक अक्षरही सांगू शकत नाही. त्यामुळे फॉर्मवर काय लिहिले, नमुना कोणत्या बाटलीत घेतला आणि तो किती वेळात पोहोचला, या तीन गोष्टी सूक्ष्मदर्शकाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

नेमके काय शोधले जाते

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक गुणसूत्राला एक आखूड आणि एक लांब भुजा असते. आखूड भुजेला ‘पी’ आणि लांब भुजेला ‘क्यू’ म्हणतात. कर्करोगाच्या पेशींमध्ये कधी कधी यातील एखादा तुकडा नाहीसा होतो. त्याला लोप किंवा रोजच्या बोलण्यात ‘डिलीशन’ म्हणतात. ‘डेल १७पी’ याचा अर्थ १७ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळाला आहे, इतकाच. हा तुकडा महत्त्वाचा ठरतो तो त्यावरील जनुकामुळे. १७पी वर ‘टीपी५३’ हे जनुक असते. पेशीतील डीएनए बिघडला की तिला थांबवणे किंवा मरण्यास भाग पाडणे हे त्याचे काम. पारंपरिक केमोथेरपी पेशीचा डीएनए बिघडवूनच तिला मारते, आणि ते मरण घडवून आणणारे जनुकच जागेवर नसेल तर औषध देऊनही पेशी जगते. एक तुकडा गळाल्याने उपचाराची सगळी दिशा का बदलते, याचे कारण हे आहे.

असेच ११ क्रमांकाच्या लांब भुजेवर ‘एटीएम’ हे जनुक आहे. १३क्यू वर दोन सूक्ष्म आरएनए तयार करणारा भाग आहे, जो गेल्यावर पेशीला मरणापासून वाचवणारे एक प्रथिन वाढते. ५क्यू चा लोप मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस, या रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या आजारात दिसतो. मात्र प्रत्येक लोप वाईटच असतो असे समजू नये. काही लोप सौम्य आजाराची खूण असतात, तर काहींमुळे नेमके औषध निवडता येते. वयस्क पुरुषांच्या मॅरोमधील (अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरातील) काही पेशींत वाय गुणसूत्रच नाहीसे झालेले आढळते. बहुधा तो वयाचा परिणाम असतो, केवळ तेवढ्यावरून आजाराचे निदान करता येत नाही.

दोन तपासण्या, दोन निरनिराळ्या नजरा

कॅरिओटाइप (चिठ्ठीवरील ‘सायटोजेनेटिक्स’ म्हणजे बहुधा हीच) ही जुनी आणि अजूनही अत्यंत उपयोगाची तपासणी आहे. तिच्यात जिवंत पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्या विभाजनाच्या ऐन टप्प्यावर असताना थांबवतात, गुणसूत्रांना रंग देऊन पट्टे उठवतात आणि साधारणपणे २० पेशींतील सर्व गुणसूत्रे एकेक करून तपासतात. १९६० साली फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातील आखूड गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे नजरेखालून घालताना ओळखले. सुरुवातीला तो लोपच वाटला होता. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी तो तुकडा गळालेला नसून दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेला आहे हे दाखवून दिले. कॅरिओटाइपचे बळ हे की ती एकाच वेळी सर्व ४६ गुणसूत्रांवर नजर टाकते. तिची मर्यादा अशी की साधारण ५० लाख ते १ कोटी बेस-जोड्यांपेक्षा (बेस-जोडी हे डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) लहान तुकडा गळाला तर पट्ट्यांवरून तो सहसा कळत नाही, आणि पेशी विभाजित झाल्याच नाहीत तर पाहायला काही उरतच नाही.

फिश ही दुसरी तपासणी. यात गुणसूत्राच्या ठरावीक जागेला जाऊन चिकटणारा, विशिष्ट प्रकाश पडल्यावर चमकणारा डीएनएचा तुकडा वापरतात. त्याला प्रोब म्हणतात. मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर केलेल्या पेशी काचपट्टीवर सोडल्या जातात, त्यावर प्रोबचा थेंब पडतो, काचपट्टी सुमारे ७३ ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून डीएनएचे दोन धागे सुटे केले जातात आणि मग ३७ अंशांवर रात्रभर ठेवून प्रोबला आपली जागा शोधू दिली जाते. दुसऱ्या दिवशी काळोख्या खोलीत तंत्रज्ञ फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाला डोळे लावतात. निळसर केंद्रकात ठिपके दिसतात : समजा टीपी५३ साठी लाल आणि त्याच गुणसूत्राच्या मध्यबिंदूसाठी हिरवा. निरोगी पेशीत दोन लाल आणि दोन हिरवे. दोन हिरवे आणि एकच लाल दिसला, तर गुणसूत्रे दोन्ही आहेत पण एकावरचा टीपी५३ चा तुकडा गेला आहे. एक लाल आणि एकच हिरवा असेल तर १७ क्रमांकाचे संपूर्ण गुणसूत्रच गेले आहे. अशी साधारणपणे २०० केंद्रके मोजतात, आणि चांगल्या प्रयोगशाळेत ती दोन जण एकमेकांचे आकडे न पाहता निम्मी निम्मी मोजतात. पेशी विभाजित होण्याची गरज नसल्यामुळे फिशचे उत्तर बहुधा आठवडाभरात येते. कॅरिओटाइपला दोन ते तीन आठवडे लागू शकतात.

याखेरीज मायक्रोॲरे नावाची तपासणी आहे. ती संपूर्ण जनुकसंचातील लहान-मोठे लोप शोधते, परंतु तुकड्यांची केवळ अदलाबदल झाली असेल आणि काही गळाले नसेल तर ती तिला दिसत नाही. आपल्याकडे ती निवडक रुग्णांनाच सांगितली जाते, म्हणून इथे तिचा उल्लेख पुरे.

आजारानुसार प्रश्न बदलतो

‘फिश करा’ एवढेच लिहिलेला फॉर्म अपुरा आहे. कोणत्या आजारासाठी कोणते प्रोब, हे त्यावर असायलाच हवे. डॉक्टरांनी लिहिले नसेल तर नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे. त्यात डॉक्टरांचा अवमान काही नाही.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या आजारात हा विषय सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे. २००० साली जर्मनीतील संशोधकांनी ३२५ रुग्णांच्या पेशी फिशने तपासल्या, तेव्हा ८२ टक्के रुग्णांत गुणसूत्रांचा कोणता ना कोणता बदल आढळला. सर्वाधिक म्हणजे ५५ टक्के रुग्णांत १३क्यू चा लोप होता. केवळ हाच एक लोप असलेल्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३३ महिने होते, तर १७पी चा लोप असलेल्यांचे ३२ महिने. हे आकडे पाहून कोणी हाय खाऊ नये, कारण ते आजची औषधे येण्यापूर्वीच्या काळातील आहेत. आता बीटीके नावाच्या प्रथिनाला अडवणाऱ्या गोळ्या आणि व्हेनेटोक्लॅक्स यांसारखी औषधे १७पी गळालेल्या रुग्णांतही काम करतात. अशा रुग्णाला जुन्या पद्धतीची केमोथेरपी देत राहणे म्हणजे त्रास जास्त आणि गुण कमी. ते टाळण्यासाठीच उपचार सुरू होण्यापूर्वी ही तपासणी अत्यावश्यक आहे. सीएलएलच्या पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र मागवायच्या प्रोबच्या संचात, १३क्यू, ११क्यू, १७पी हे तीन लोप आणि १२ क्रमांकाचे जादा गुणसूत्र हे चार प्रश्न असावेत. त्याच वेळी टीपी५३ जनुकातील म्युटेशनची वेगळी तपासणीही मागावी. जनुकाचा तुकडा जागेवर असूनही त्यातील मजकूर बिघडलेला असू शकतो, आणि तसा बिघाड फिशला दिसत नाही. आणखी एक गोष्ट : सीएलएलमध्ये रोगपेशी रक्तातच भरपूर असतात, त्यामुळे या तपासणीसाठी बहुधा साधे रक्त पुरते. फक्त फिशसाठी मॅरो काढायला सांगितले असेल, तर ‘रक्तावर होणार नाही का’ हे अवश्य विचारावे. वयोवृद्ध रुग्णाच्या कमरेच्या हाडात सुई घालण्याआधी हा एक प्रश्न विचारायलाच हवा, असे मला ठामपणे वाटते. सीएलएलच्या पेशी स्वतःहून फारशा विभाजित होत नाहीत. म्हणून कॅरिओटाइपही हवा असेल तर प्रयोगशाळेला आजाराचे नाव कळवणे भाग आहे, म्हणजे ती पेशींना विभाजित व्हायला लावणारी योग्य द्रव्ये घालेल.

मल्टिपल मायलोमामध्ये गोष्ट वेगळी आहे आणि इथे चुका अधिक होतात. या आजारात बिघडलेल्या पेशी म्हणजे प्लाझ्मा पेशी, आणि त्या मॅरोमध्ये असतात. नमुन्यात त्यांचे प्रमाण अनेकदा थोडे असते. सरसकट २०० पेशी मोजल्या तर त्यांत प्लाझ्मा पेशी दहा-वीसच सापडतील, आणि लोप असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येईल. म्हणून फिश करण्यापूर्वी प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढतात. त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी१३८ या खुणेला चिकटणारे चुंबकीय मणी वापरून हे केले जाते. नमुना पाठवण्यापूर्वी ‘तुमच्याकडे प्लाझ्मा पेशी वेगळ्या करून फिश करतात का’ असे फोनवर विचारावे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी. या बाबतीत तडजोड करू नये. शिवाय मॅरो काढताना पहिल्या ओढीत आलेला द्रव सर्वांत घट्ट असतो. पुढच्या ओढींत रक्त मिसळत जाते. म्हणून फिशचा वाटा सुरुवातीच्या ओढीतूनच ठेवावा, अशी विनंती मॅरो काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच करावी. मायलोमाच्या पॅनेलमध्ये १७पी आणि १पी चे लोप, १क्यू ची वाढ, आणि ४ व १४ तसेच १४ व १६ या गुणसूत्रांतील अदलाबदल यांचा समावेश असावा.

एमडीएसमध्ये मुख्य तपासणी कॅरिओटाइप हीच होय. आजाराची जोखीम ठरवणाऱ्या गुणांकनात तिचाच आधार घेतला जातो. फिश तिला पूरक आहे, पर्याय नाही. केवळ ५क्यू चा लोप असलेल्या रुग्णांत रक्तक्षय मोठा असतो, प्लेटलेट मात्र नेहमीएवढ्या किंवा जास्तही असतात, आणि लेनालिडोमाइड या औषधाचा त्यांना चांगला गुण येतो; अमेरिकेत या कारणासाठी ते औषध २००५ मध्ये मंजूर झाले. महिनोन्महिने रक्ताच्या पिशव्या लावून घेणाऱ्या वृद्ध बाईच्या बाबतीत ही तपासणी झाली नाही, तर तिची रक्ताच्या पिशवीतून सुटका करू शकणारे औषध दारातच राहून जाते.

ॲक्यूट ल्युकेमियात वेळ थोडा असतो. उपचाराला सुरुवात झाली की रोगपेशी झपाट्याने कमी होतात, म्हणून सर्व नमुने पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावेत. स्टेरॉइडच्या गोळ्याही त्यात धराव्यात. मायलॉइड प्रकारात ५क्यू, ७क्यू आणि १७पी चे लोप, किंवा ५ वा ७ क्रमांकाचे गुणसूत्रच नसणे, ही कठीण आजाराची लक्षणे मानली जातात.

फिशचे महत्त्व ठसवणारे एक उदाहरण इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढणाऱ्या एका आजाराचे आहे. त्यात ४ क्रमांकाच्या लांब भुजेवरील सुमारे ८ लाख बेस-जोड्यांचा तुकडा गळतो आणि दोन टोके जुळून एक नवेच जनुक तयार होते. कॅरिओटाइपवर हा लोप दिसत नाही; योग्य प्रोब वापरला तरच सापडतो. सापडला तर इमॅटिनिबच्या लहान मात्रेनेही रुग्ण सुधारतो. प्रश्न विचारला नाही तर मात्र हे उत्तर कधीच मिळत नाही.

बाटली, वेळ आणि रस्ता

सायटोजेनेटिक्स आणि फिशसाठी नमुना सोडियम हेपॅरिनच्या, म्हणजे हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्यावा. टीपी५३ म्युटेशन किंवा इतर डीएनए-तपासण्यांसाठी ईडीटीएची, जांभळ्या टोपणाची ट्यूब लागते, कारण हेपॅरिनमुळे पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या, प्रक्रियेत अडथळा येतो. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर दोन्ही ट्यूब एकाच वेळी भराव्यात. नंतर पुन्हा मॅरो काढण्याची वेळ रुग्णावर आणू नये. मॅरो साधारणपणे २ ते ३ मिली आणि रक्त ३ ते ५ मिली लागते, तरी ज्या प्रयोगशाळेत पाठवायचे तिचे नेमके माप विचारून घ्यावे. नमुना ट्यूबमध्ये जाताच तिचे टोपण लावून ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करावी. जोराने हलवू नये, आणि न हलवता तशीच रॅकमध्येही ठेवू नये. मॅरो फार लवकर गोठतो आणि गुठळीत अडकलेल्या पेशी तपासणीच्या कामाच्या राहत नाहीत. ट्यूबवर रुग्णाचे पूर्ण नाव, वय किंवा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि ‘मॅरो’ की ‘रक्त’ हे तिथेच, रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून लिहावे.

कॅरिओटाइपसाठी पेशी जिवंत पोहोचल्या पाहिजेत. शक्यतो २४ तासांत आणि फार तर ४८ तासांत नमुना प्रयोगशाळेत दाखल व्हावा. तो सामान्य तापमानाला, १८ ते २५ अंशांच्या आसपास न्यावा. बर्फात घालणे आणि फ्रीझरमध्ये ठेवणे या दोन्ही गोष्टी पेशींना मारतात. उलट चैत्र-वैशाखात मोटारीच्या काचेखाली ठेवलेली ट्यूबही तासाभरात निकामी होऊ शकते. थर्माकोलच्या डब्यात ठेवावी. उन्हाळ्यात डब्यात थंड जेलची पिशवी घातली तरी ती ट्यूबला टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून ठेवावी.

कोल्हापुरातून पाठवताना दिवस निवडणे हे निम्मे काम आहे. पुणे सुमारे २३० किलोमीटरवर आहे. संध्याकाळी निघालेला नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या प्रयोगशाळेत पोहोचू शकतो. पण शनिवारी दुपारी काढलेला मॅरो रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणून निकड नसेल तर सोमवार ते गुरुवार या दिवसांत मॅरो ठरवावा. नवरात्र-दसरा, दिवाळी आणि गणेश विसर्जन या दिवसांत नमुना उचलणारा माणूस येणार की नाही, हे आदल्या दिवशी पक्के करावे. पावसाळ्यात आणखी काळजी घ्यावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुण्याकडची वाट बंद झाली. पंचगंगा इशारा पातळीकडे चालली असेल आणि रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल, तर पाणी उतरेपर्यंत मॅरो पुढे ढकलावा. थांबणे शक्य नसेल तर डॉक्टरांशी बोलून रुग्णालाच मोठ्या केंद्रात हलवण्याचा विचार करावा. गगनबावडा, राधानगरी किंवा चंदगडकडून येणाऱ्या रुग्णांनी गावी रक्त देऊन ते कोल्हापूरला पाठवण्यापेक्षा स्वतः शहरात येऊन नमुना दिलेला बरा, कारण एक टप्पा कमी होतो आणि तेवढे तास वाचतात.

नमुना प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीकडेच सोपवणे उत्तम. तरीही काही वेळा नातेवाइकांनाच तो रात्रीच्या बसने किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने न्यावा लागतो. तेव्हा ट्यूब घट्ट बंद करून शोषक कापसात गुंडाळावी, ती न गळणाऱ्या पिशवीत आणि ती पिशवी कडक डब्यात ठेवावी, फॉर्म वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवावा आणि डबा मांडीवर किंवा जवळच्या पिशवीत राहू द्यावा. सामानाच्या डिकीत तो टाकू नये.

फॉर्मवर काय असावे

फॉर्म भरताना घाई होते, आणि नमुन्याइतकाच फॉर्मही मौल्यवान आहे हे विसरले जाते. संशयित किंवा पक्के निदान, नुकत्याच झालेल्या रक्ततपासणीचे आकडे, मॅरोत ब्लास्ट (अपक्व पेशी) किंवा प्लाझ्मा पेशी किती टक्के दिसल्या, आधी कोणते उपचार झाले, शेवटची मात्रा कधी दिली, पूर्वीच्या गुणसूत्र-तपासणीत काय आढळले होते, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असल्यास दाता पुरुष होता की स्त्री, हे सगळे त्यावर असावे. पूर्वीच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडावी. ‘ल्युकेमिया, फिश करावे’ एवढ्या मजकुरावर पलीकडच्या तज्ज्ञाने अंदाजानेच पॅनेल निवडायचे, हे रुग्णाच्या पैशांचे आणि वेळेचे नुकसान आहे.

प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का हे तर पाहावेच, पण मान्यतेच्या यादीत नेमकी ही तपासणी आहे का, हेही विचारावे. एखाद्या प्रयोगशाळेला साध्या रक्ततपासण्यांसाठी मान्यता असते आणि फिश ती दुसरीकडे पाठवते. नमुना प्रत्यक्ष कुठे तपासला जाणार हे जाणून घेण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

रिपोर्ट वाचताना

फिशच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक सांकेतिक ओळ असते. समजा ती अशी आहे : ‘न्यूक इश (टीपी५३×१, डी१७झेड१×२) [६४/२००]’. याचा अर्थ विश्रांतीच्या अवस्थेतील २०० केंद्रके मोजली, त्यांपैकी ६४ मध्ये टीपी५३ चा एकच ठिपका दिसला आणि गुणसूत्राच्या मध्यबिंदूचे दोन दिसले; म्हणजे ३२ टक्के पेशींत लोप आहे. हे ३२ टक्के रोग बरा होण्याचे प्रमाण नव्हे आणि रोग शरीरात किती पसरला आहे त्याचेही नव्हे. ते केवळ मोजलेल्या पेशींपैकी किती पेशींत लोप दिसला त्याचे प्रमाण आहे. नमुन्यात निरोगी पेशी जास्त असतील तर तेच प्रमाण कमी दिसेल.

या आकड्याशेजारी प्रयोगशाळेची मर्यादा, म्हणजे ‘कट-ऑफ’, छापलेली असते. निरोगी माणसाच्या पेशींतही दोन ठिपके एकावर एक आल्याने किंवा प्रोब नीट न बसल्याने एखाद-दुसऱ्या केंद्रकात लोपाचा भास होतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा निरोगी नमुने मोजून, प्रत्येक प्रोबसाठी, इतके टक्के गेल्याखेरीज लोप मानायचा नाही अशी रेषा ठरवते. आकडा या रेषेच्या अगदी जवळ असेल तर त्यावर मोठा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांनी प्रयोगशाळेशी बोलावे. पुन्हा मोजणी किंवा दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करता येते. कट-ऑफ छापलेलाच नसेल तर तो मागून घ्यावा.

कॅरिओटाइपची ओळ निराळी असते. ‘४६, एक्सएक्स, डेल (५)(क्यू१३क्यू३३) [१४] / ४६, एक्सएक्स [६]’ असे दिसले तर ते एका स्त्रीचे २० पेशींचे वर्णन आहे. त्यांपैकी १४ पेशींत ५ क्रमांकाच्या लांब भुजेवरील १३ ते ३३ या पट्ट्यांमधला भाग गळाला आहे आणि ६ पेशी निरोगी आहेत. या ओळीत तीन किंवा अधिक निरनिराळे बिघाड असतील तर डॉक्टर त्याला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्यावा.

‘नॉर्मल’ या शब्दाने फसू नये. फिशच्या रिपोर्टमध्ये त्याचा अर्थ एवढाच की विचारलेल्या चार-पाच जागा शाबूत आहेत. ‘कल्चर फेल्युअर’ किंवा ‘पेशी अपुऱ्या’ असे लिहून आले तर तो नॉर्मल रिपोर्ट नाही, तपासणी झालीच नाही असे समजावे आणि नमुना पुन्हा द्यायचा का हे डॉक्टरांना विचारावे. असा रिपोर्ट फाईलला लावून महिनाभर कोणी पाहतच नाही, ही खेदाची गोष्ट वारंवार घडते.

हा दोष मुलाबाळांत उतरतो का

‘गुणसूत्रात दोष’ हे शब्द कानावर पडताच घरात पहिला प्रश्न मुलाबाळांचा निघतो, आणि लग्नाला आलेली मुलगी असेल तर रिपोर्ट लपवण्याकडे कल होतो. याचे स्पष्ट उत्तर असे की रक्ताच्या कर्करोगात आढळणारे हे लोप जन्मतः आलेले नसतात. मोठेपणी मॅरोमधील एका पेशीत ते घडतात आणि त्या पेशीच्याच वंशजांत राहतात. रुग्णाच्या बीजपेशींत ते नसतात, म्हणून मुलांकडे जात नाहीत, आणि मुलांची, भावंडांची किंवा सुनेची तपासणी करण्याची गरज नसते. क्वचित काही कुटुंबांत टीपी५३ चा बिघाड जन्मजात असतो, विशेषतः लहान मुलांच्या एका प्रकारच्या ल्युकेमियात ही शंका घेतली जाते. तसे असेल तर डॉक्टर ते स्वतंत्रपणे सांगतात आणि त्यासाठी त्वचेच्या पेशींची वेगळी तपासणी लागते. त्यांनी तसे सांगितले नसेल तर घराण्यात दोष आहे असे कोणीही म्हणू नये आणि कोणाला म्हणू देऊ नये.

खर्चाविषयी

फिशचा दर बहुधा प्रोबप्रमाणे असतो. पॅनेल एकत्र घेतले तर स्वस्त पडते, म्हणून दोन्ही दर विचारावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण बसत असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला मॅरो काढण्यापूर्वी भेटावे; तपासणी आधी आणि कागदपत्रे नंतर असे केल्यास अडचण येते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून किंवा अन्य रुग्णालयातून मुंबईला टाटा मेमोरियलकडे पाठवले असेल, तर तिथल्या मेडिकल सोशल वर्करकडे मदतीची चौकशी करावी, आणि इथे आधीच झालेल्या तपासण्यांचे मूळ रिपोर्ट व स्लाइड सोबत न्याव्यात, म्हणजे तेच काम दोनदा होणार नाही.

पुन्हा केव्हा करावी, आणि काय जपून ठेवावे

एकदा केलेली तपासणी कायमची पुरत नाही. उपचारांच्या दडपणाखाली टीपी५३ शाबूत असलेल्या पेशी मरतात आणि तो गमावलेल्या पेशी मागे उरून वाढतात; त्यामुळे पहिल्या वेळी नसलेला १७पी चा लोप आजार उलटल्यावर सापडू शकतो. म्हणून सीएलएल किंवा मायलोमा पुन्हा डोके वर काढेल तेव्हा, पुढचे औषध ठरवण्याआधी, फिश पुन्हा करावी. सीएलएलमध्ये त्यासोबत टीपी५३ ची म्युटेशनही पुन्हा पाहावी. याउलट १३क्यू चा लोप आधीच सापडलेला असेल आणि रुग्णाला उपचाराची गरजच नसेल, तर दर सहा महिन्यांनी तीच तपासणी करण्यात अर्थ नाही. त्या पैशांत रुग्णाच्या पुढच्या तपासण्या होतील.

फिशसाठी मिथेनॉल-ॲसिटिक आम्लात स्थिर केलेल्या पेशी उणे २० अंशांवर ठेवल्या तर दीर्घकाळ टिकतात. पहिल्या पॅनेलमध्ये एखादा प्रोब राहून गेला असेल किंवा पुढे नवा प्रश्न उभा राहिला, तर त्याच पेशींवर तो लावता येतो आणि रुग्णाला नव्याने सुई टोचावी लागत नाही. किती काळ ठेवतात हे प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे असते. नमुना देतानाच ते विचारावे, मिळालेला नमुना क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि पेशी नष्ट करण्यापूर्वी कळवावे अशी लेखी विनंती फॉर्मसोबत द्यावी.